हाय कॉम्प्रेशन पिस्टन टाकायच्या आधी हे मोजा
पुण्याच्या नाना पेठेतून डोमवाला (वरून फुगीर, म्हणून कॉम्प्रेशन वाढवणारा) पिस्टन आणला की लगेच कायमचा बसवू नका, आधी पिस्टन अगदी वर आणून सिरिंजने रॉकेल भरून त्याच्या वरची जागा मोजा. ३५० सीसीच्या इंजिनात गॅस्केट धरून ५० सीसी जागा असेल तर कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८ येतो (३५० अधिक ५०, भागिले ५०), ९ हवा तर ती ४४ च्या आसपास आणायची, म्हणजे फक्त ६ सीसीचा खेळ आहे हा! नुसतं हेड (सिलिंडरचं झाकण) घासून भागत नाही, ७० मिमी बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) अर्धा मिमी घासलं तरी जेमतेम २ सीसी जातात. मग पिस्टनवर मुलांची क्ले थापा, हेड आवळून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, क्ले ब्लेडने कापून बघा, व्हॉल्व्हखाली दीड-दोन मिमी तरी उरलीच पाहिजे. कात्रज घाटात इंजिनाची टकटक (नॉकिंग) ऐकू आली तर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) थोडं मागे घ्या.