खानदेशी वाड्यात अस्सल गॉथिक भयकथा कशी रचावी

भूत आलं म्हणून कथा गॉथिक होत नाही. होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रान्टो’ या पहिल्या गॉथिक कादंबरीपासून गाभा तोच आहे: जुनी वास्तू, घराण्याचं दडवलेलं पाप आणि त्यात अडकलेला वारस. कसोटी सोपी. वाडा काढून तिथे नवा फ्लॅट घाला. कथा तशीच चालली, तर ती साधी भयकथा.

लिहायला बसताना आधी पाप ठरवा, भूत नंतर. खोटं गहाणखत किंवा विधवा भावजयीची लाटलेली जमीन चालेल. पाप पूर्वजाचं, पण त्याचं उत्पन्न नायक आजही खात असला पाहिजे. हा धागा सुटला की शेवट पोकळ होतो.

मग वास्तू. धुकं आणि बर्फ उसनं आणू नका. तापीकाठची मे महिन्यातली दुपार पुरेशी भयाण असते: पारा ४५ अंशांवर, गल्ली ओस, जाड भिंतींच्या आत गार अंधार. धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, माती सागाच्या तुळयांमधून झिरपतेच. ती रोज झाडलेल्या एकाच जागी, पाटाएवढ्या चौकोनात पडू द्या. कारण लगेच सांगू नका.

सिनेमात बहुतेक जण इथेच घसरतात. पहिल्या दहा मिनिटांत चेहरा दाखवतात, वर ढणढण संगीत. अठराव्या शतकातली इंग्रज गॉथिक कादंबरीकार ॲन रॅडक्लिफनं दहशत आणि बीभत्स भय वेगळं मानलं होतं. दहशत अस्पष्टतेवर जगते. म्हणून मध्यंतरापर्यंत फक्त बंद खोलीची कडी, माती आणि घरातल्या म्हातारीचं विषय बदलणं दाखवा.