गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा ब्लॉक: या चुका टाळा

गुडघा बदलल्यावर पेशंटला लवकरात लवकर वॉकर धरून उभं करायचं असतं. म्हणून नुसतं दुखणं थांबवून भागत नाही, मांडीतली ताकदही टिकली पाहिजे. ब्लॉक म्हणजे नर्व्हजवळ बधिर करणारं औषध सोडणं. सवयीने फिमोरल ब्लॉक (जांघेतल्या फिमोरल नर्व्हचा) दिला की दुखणं थांबतं, पण मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स स्नायू ढिला पडतो आणि उभं राहताना गुडघा मुडपतो. मांडीच्या आतल्या अंगाला, स्नायूंमधल्या पोकळीत दिलेला ॲडक्टर कॅनाल ब्लॉक इथे जास्त चांगला. मात्र तो फार वर दिला किंवा औषध भरमसाट टाकलं, तर तेही फिमोरल नर्व्हपर्यंत चढतं. १५ ते २० मिली पुरतं.

अल्ट्रासाउंडचा प्रोब मांडीच्या मध्यावर, आतल्या अंगाला आडवा धरा. सार्टोरियस स्नायू आणि त्याच्याखाली धडधडणारी आर्टरी दिसेल. औषध आर्टरीला लागून, सार्टोरियसच्या खाली पसरलं पाहिजे. स्नायूच फुगताना दिसला तर थांबा, सुई अजून स्नायूखालच्या पातळ आवरणाच्या अलीकडे आहे.

सर्वात घातक चूक म्हणजे सुईचं टोक दिसत नसताना पुढे ढकलणं. स्क्रीनवरची चकाकती रेघ सुईचा मधला भागही असू शकते. सुई स्थिर ठेवून प्रोब किंचित सरकवा, मग १ मिली सलाइन सोडून बघा. औषध जातंय पण पसरताना दिसत नाही, तर ते शिरेत जात असेल. प्रोब दाबून धरला की शीर चपटी होते, दिसत नाही आणि मागे ओढूनही रक्त येत नाही. हात हलका ठेवा.

गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर ब्लॉक फसला असं लगेच समजू नका, तो भाग या ब्लॉकमध्ये नीट येत नाही. त्यासाठी आयपॅक (गुडघ्याच्या मागे, आर्टरी आणि सांध्याच्या मध्ये दिलेला ब्लॉक) द्या. पण औषध बाहेरच्या बाजूला गेलं तर पाऊल लटकं पडू शकतं आणि सर्जनला नर्व्हच्या इजेची शंका येते. आयपॅक दिलाय हे त्यांना आधीच सांगा.

सर्जनही सांध्यात औषध भरतात, त्याचा हिशोब एकत्रच करा. रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा साधारण किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०. ०.५ टक्क्याचे २० मिली दिले की १०० तिथेच संपले. या औषधाची विषबाधा झाली तर उतारा म्हणून २० टक्के लिपिड हाताशी हवंच.

सुई टोचण्याआधी बाजूची खूण पुन्हा बघा. ब्लॉक उतरायच्या आधीच वेदनाशामक सुरू करा, नाहीतर मध्यरात्री कळ उसळते. आणि कुठलाही ब्लॉक असो, उभं करण्याआधी पाय सरळ उचलायला लावा. उचलता आला नाही, तर तेव्हा चालवू नका.