समुद्री घोडा गोठवलेलं खाणं तोंडात घेत नव्हता: माझा अनुभव

इथे न्यू जर्सीत टाकीतच पैदास झालेली इरेक्टस (समुद्री घोड्याची एक जात) जोडी आणली. (भारतात समुद्री घोडे 2001 पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, तिकडे हा नाद नकोच.) नर गोठवलेल्या मायसिसकडे (कोळंबीसारखे बारीक जीव) एक डोळा फिरवून बघायचा, तोवर ती प्रवाहात वाहून जायची. ब्रँड बदलला, लसणाचा अर्क लावला. जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला इवलासा कवचधारी जीव) तेवढा खायचा. चार दिवस माझ्याच घशाखाली घास उतरेना.

शेवटी जमलं ते असं. आधी तापमान 26 वरून हळूहळू 23 अंशांवर आणलं. मायसिस टाकीच्याच पाण्यात वितळवून गाळणीत धुतली. पंप बंद. मग शेपटीच्या विळख्याजवळ ठेवलेल्या काचेच्या वाटीत ड्रॉपरने एकेक सोडली. 20 मिनिटांनी उरलेलं काढून पंप सुरू. समुद्री घोड्यांना जठर नसतं, खाणं साठून राहत नाही, म्हणून हे दिवसातून तीनदा. तिसऱ्या दिवशी काचेपलीकडून खाणं ओढून घेतानाचं 'टिक्' ऐकू आलं आणि वाटीतली एक मायसिस गायब!