कोडं सुटत नाही? या चुका टाळा

कोडं अडलं की बहुतेक वेळा आपणच एक वाक्य मनात घुसडलेलं असतं, आणि मग तेच धरून तासभर डोकं खाजवत बसतो. तेव्हा उत्तर शोधणं थांबवा आणि कोडं एकही शब्द न बदलता मोठ्याने म्हणा, जे तोंडातून आलं नाही पण डोक्यात आहे ते तुमचं.

उदा. बॅट आणि बॉल मिळून 110 रुपये, बॅट बॉलपेक्षा 100 रुपयांनी महाग, तर बॉल केवढ्याला? झटकन 10 येतं, कारण "100 रुपयांनी" हे आपण "100 रुपयांना" असं ऐकतो. पण मग बॅट 110 ची होते आणि बेरीज 120. बॉल 5 चा, बॅट 105 ची. शेन फ्रेडरिक या संशोधकाने 2005 साली हाच प्रश्न डॉलरमध्ये मांडला होता, नामांकित अमेरिकन विद्यापीठांतली पोरंही त्यात चुकली.

आजीच्या कोड्यांत चूक उलटी होते, तिथे आपण सगळंच शब्दशः घेतो. "तीन जण वाढायला, बारा जण जेवायला" म्हटलं की पंगत दिसते, पण खरे फक्त आकडे, घड्याळाचे काटे मोजा. आणि शब्दाच्या लिंगाकडे लक्ष द्या हो, हे कोणी सांगतच नाही! "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया", त्या लाह्या म्हणजे त्या चांदण्या, तो रुपया म्हणजे तो चंद्र. "लाल गाय लाकूड खाय, पाणी पिताच मरून जाय", तीही आग. दरवेळी जुळतंच असं नाही, पण मदत होते.

सगळ्यात मोठी चूक मात्र सांगणाऱ्याची. बाप-लेकाचा अ‍ॅक्सिडेंट होतो, बाप जागीच जातो, मुलाला हॉस्पिटलात नेतात, आणि इथे लोक सांगतात "डॉक्टर म्हणाले, हा माझा मुलगा आहे". अहो, "म्हणाले" म्हटलं की पुरुष झाला, "म्हणाल्या" म्हटलं की उत्तरच फुटलं. इंग्रजीत ही अडचण येत नाही, आपल्याकडे वर्तमानकाळात सांगा: "डॉक्टर त्याला बघून म्हणतात, मी याचं ऑपरेशन नाही करू शकत, हा माझा मुलगा आहे." एकही शब्द खोटा नाही. तरी ऐकणारे सावत्र बाप, दत्तक बाप सगळं सुचवतात, आई सोडून, आणि मला ते दरवेळी लागतं. हिंट मागितली तर काही जोडू नका, तेच वाक्य परत म्हणा, जरा सावकाश.