अमेरिकेत जिथला पदार्थ तिथेच जाऊन खायचा असेल तर ट्रिप कशी आखायची

अमेरिकेत फिरायला निघालो की आपण नॅशनल पार्क, धबधबे, म्युझियम यांची यादी महिना महिना आधी करतो, आणि जेवणाचं मात्र "बघू तिथे गेल्यावर". मग होतं काय, भूक लागली की हायवेच्या एक्झिटला जी चेन दिसेल तिथे गाडी वळते आणि पन्नास राज्यांत जे एकसारखं मिळतं तेच खाऊन आपण परत येतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या देशात काही पदार्थ असे आहेत की ते त्यांच्या गावाबाहेर नीट होतच नाहीत.

माझी पद्धत साधी आहे. कुठलाही फेमस पदार्थ घ्या आणि आधी हे शोधा की तो तिथेच का जन्मला आणि ते कारण आजही तिथे शिल्लक आहे का. कारण म्हणजे लाकूड, भट्टी, समुद्र, माती, सीझन, किंवा तेच काम पिढ्यान्पिढ्या करणारी माणसं. कारण शिल्लक असेल तर खुशाल वाट वाकडी करून जा, आणि नुसता "पहिल्यांदा इथेच बनला" असा बोर्ड असेल तर वाटेत आलं तर खा, नाहीतर सोडा.

उदाहरणार्थ फ्लोरिडाचा की लाइम पाय, म्हणजे खाली कवच आणि वर छोट्या लिंबांच्या रसाचं सारण असा गोड पदार्थ. फ्लोरिडाच्या टोकाला की वेस्ट बेटावर जाऊन जरूर खा, छान आंबटगोड असतो, पण तिथल्या त्या छोट्या लिंबांच्या बागा कधीच गेल्या, आता बहुतेक लिंबं मेक्सिकोतून येतात, त्यामुळे फक्त त्या पायसाठी एवढ्या लांब जाऊ नका. (पाय फिकट पिवळा हवा, हिरवागार दिसला तर त्यात रंग घातलाय हे समजून घ्या.) शिकागोच्या डीप डिशचंही (खोलगट भांड्यातला जाड पिझ्झा) माझं मत तसंच आहे. बफेलोचे विंग्ज, म्हणजे कोंबडीचे तिखट पंख, १९६४ साली अँकर बारमध्ये सुरू झाले असं मानतात, आज ते जगभर मिळतात, पण नायगारा बघायला जाणारच असाल तर बफेलो तिथून अर्ध्या तासावर आहे, मग का सोडायचं. तिथे "बफेलो विंग्ज" म्हणायचं नाही, नुसतं "विंग्ज" म्हणायचं, आणि सोबत ब्लू चीजचं डिप घ्यायचं, रँच (ताकाचा पांढरा सॉस) मागितलं की तिथले लोक नाराज होतात.

आता जिथे मुद्दाम जावं अशी ठिकाणं.

न्यूयॉर्कला असाल तर ग्रँड सेंट्रलवरून मेट्रो-नॉर्थची ट्रेन पकडा आणि साधारण दोन तासांत न्यू हेवनला उतरा. इथल्या पिझ्झाला "अपिझ्झा" म्हणतात आणि बोलताना "अबीट्स" असं काहीसं ऐकू येतं, कारण इथे आलेली इटालियन माणसं नेपल्सच्या बाजूची आणि त्यांची बोलीच तशी. वूस्टर स्ट्रीटवर फ्रँक पेपे यांचं पिझ्झाचं दुकान १९२५ पासून आहे, त्याच रस्त्यावर त्यांच्या भाच्याने १९३८ मध्ये सॅलीज काढलं, आणि दोन्हीकडे कोळशाची भट्टी. घरच्या ओव्हनमध्ये किंवा गॅसवर तेवढी कोरडी, कडक आच मिळत नाही, इथे ती मिळते म्हणून कडा काळपट होतात पण आतून बेस चिवट-मऊ राहतो, तो काळेपणा म्हणजे करपलेला नाही, तोच हवा असतो. ऑर्डर देताना एक लक्षात ठेवा, इथे नुसतं "प्लेन" म्हणालात तर टोमॅटो सॉस आणि वर थोडं किसलेलं चीज एवढंच येतं, मोझरेला हवं असेल तर ते वेगळं सांगावं लागतं. खाणारे असाल तर व्हाइट क्लॅम पाय घ्याच (इथे पिझ्झालाच पाय म्हणतात). क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्याच जातीतले शिंपले, त्यावर लसूण, ऑलिव्ह ऑइल, ओरेगॅनो, थोडं चीज, टोमॅटो अजिबात नाही. वीकेंडला संध्याकाळी जाऊ नका, लाइन फुटपाथवर येते, मधल्या वारी दुकान उघडताना जा.

मेरीलँडचे खेकडे हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, आणि इथे सीझन चुकला की सगळंच चुकलं. चेसापीक बेचे ब्लू क्रॅब थंडीत तळाच्या चिखलात शिरून बसतात, एप्रिलपासून पुढे सापडायला लागतात, आणि थंडीच्या तयारीत खाऊन खाऊन भरतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणून तेव्हाच जायचं. बाल्टिमोर किंवा अ‍ॅनापोलिसच्या आसपास क्रॅब हाऊस शोधा, फोन करून दोनच प्रश्न विचारा: आजचे खेकडे मेरीलँडचे आहेत का, आणि डझनचा आजचा भाव काय. पहिला प्रश्न यासाठी की सीझन नसताना लुइझियाना आणि टेक्सासचा मालही येतो, आणि दुसरा यासाठी की मेन्यूवर नुसतं "मार्केट प्राइस" लिहिलेलं असतं आणि साइझप्रमाणे भाव बराच बदलतो.

टेबलावर तपकिरी कागद पसरतात, प्लेट वगैरे काही नाही, वाफवलेले लालभडक खेकडे मधोमध ओततात, मसाला वरून कवचालाच थापलेला. तो मसाला म्हणजे ओल्ड बे किंवा त्याच जातीचा. ओल्ड बे जर्मनीतून बाल्टिमोरला निर्वासित म्हणून आलेल्या गुस्ताव ब्रुन यांनी १९३९ मध्ये केला, सेलरी सॉल्ट, मिरी, लाल तिखट असं त्यात असतं. खेकडा उलटा करा, पोटावरची पट्टी नखाने उचलून ओढा, मग त्याच फटीत अंगठा घालून वरचं कवच काढा, दोन्ही बाजूंचे राखाडी कल्ले खरवडून टाका (ते खायचे नसतात), आणि उरलेल्याचे हाताने मधोमध दोन तुकडे करा. पाठीमागच्या पोहायच्या पायापाशी सगळ्यात मोठी सलग वडी निघते, ती निघाली की समजायचं जमलं. हातोडी फक्त नांग्यांसाठी वापरायची, अंगावर मारली तर कवचाचा चुरा मांसात जातो. बोटांना लागलेला मसाला आपोआप तोंडात जातो म्हणून वेगळा सॉस लागत नाही. आणि घाई नको, डझनभर खेकड्यांना दोन तास लागतात, तेवढा वेळ हातात ठेवूनच बसा.

टेक्सासला ब्रिस्केटसाठी (धुरावर मंद शिजवलेलं छातीचं मांस) लॉकहार्टला जा, ऑस्टिनपासून तीसेक मैल. हे बीफ आहे, खात नसाल तर टर्की किंवा चिकन मिळतं का ते आधी बघून ठेवा. जर्मन खाटकांच्या दुकानांत उरलेलं मांस टिकावं म्हणून धुरावर ठेवायचे, त्यातून हे सगळं उभं राहिलं, आणि पोस्ट ओकचं लाकूड तिथेच मुबलक. क्रूझ मार्केट हे तिथलं खायचं ठिकाण १९०० पासून आहे, तिथे कित्येक वर्षं सॉस आणि काटे ठेवतच नव्हते. काउंटरवर वजनाने मागायचं, माणशी अर्धा पाउंड धरा, "मॉइस्ट" म्हणजे चरबीचा भाग आणि "लीन" म्हणजे कमी चरबीचा, पहिल्यांदा मॉइस्टच घ्या. सकाळी अकराच्या आसपास पोचा. आम्ही एकदा टेक्सासमध्येच एका ठिकाणी अडीच वाजता पोचलो आणि ब्रिस्केट संपलं होतं, रात्रभर मंद धुरावर शिजवलेलं असतं, संपलं की त्या दिवशी परत होत नाही.

लुइझियानाबद्दल थोडक्यातच सांगते कारण न्यू ऑर्लिन्सला लोक तसेही जातात. गंबो (दाटसर रस्सा) खा, हे नावच भेंडीच्या आफ्रिकन शब्दावरून आलंय असं मानतात, आणि क्रॉफिश (गोड्या पाण्यातले छोट्या शेवंडांसारखे जीव) खायचे असतील तर मार्च ते मे यातच जा.

शाकाहारी मंडळींनी इथपर्यंत वाचून नाराज होऊ नका, पण विचारायची सवय मात्र लावा. मांस दिसत नाही म्हणजे नाही असं इथे धरता येत नाही. दक्षिणेत पालेभाजी डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात, न्यू मेक्सिकोत बीन्समध्ये लार्ड (डुकराची चरबी) असू शकतं आणि हिरव्या चिलीच्या सॉसमध्ये पोर्क, पायच्या कवचातही कधी लार्ड असतं. "व्हेजिटेरियन आहे का" एवढंच विचारू नका, "लार्ड किंवा मीट ब्रॉथ घातलंय का" असं स्पष्ट विचारा. तुमच्यासाठी डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा मस्त आहे, कार फॅक्टरीत सुटे भाग ठेवायच्या लोखंडी ट्रेमध्ये १९४६ पासून भाजायला लागले, चीज कडेपर्यंत घालतात त्यामुळे ते ट्रेच्या भिंतीला चिकटून कुरकुरीत होतं, कोपऱ्याचा तुकडा सोडू नका.

पैशांचं एक, मेन्यूवरच्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो आणि टेबलावर वाढणारं माणूस असेल तर १८ ते २० टक्के टिप वेगळी, तेव्हा वीस डॉलरची डिश साधारण पंचवीसला पडते.

आणि ज्यासाठी तारखा बघूनच तिकीट काढावं असं ठिकाण म्हणजे न्यू मेक्सिकोचं हॅच. रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातलं छोटंसं गाव, लास क्रूसेसच्या उत्तरेला, म्हणजे व्हाइट सँड्स नॅशनल पार्क करणार असाल तर एकाच ट्रिपमध्ये बसतं. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत हिरव्या मिरचीची तोडणी चालते आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी जो लेबर डे असतो त्या वीकेंडला चिली फेस्टिव्हल भरतो. रस्त्याच्या कडेला जाळीचे मोठे पिंप फिरत असतात, खाली गॅसच्या ज्वाळा, आत पोतंभर मिरच्या तडतडतात, साल काळी होऊन उडते आणि तो वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो. हॉटेलात "रेड ऑर ग्रीन?" असं विचारतील, हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्नच आहे, दोन्ही हवं असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं. लाल म्हणजे दुसरी मिरची नाही, तीच झाडावर पिकू देऊन वाळवलेली.

गाडीने गेला असाल तर कूलर न्या आणि भाजलेली मिरची घेऊनच या. माइल्ड, मीडियम, हॉट असं विचारतील, पहिल्यांदा मीडियम घ्या. गरम असताना पिशवीचं तोंड बंद ठेवा म्हणजे वाफेने साल सुटते, आणि गार झाल्यावर सोलत बसू नका, सालीसकटच छोट्या छोट्या पिशव्यांत भरून फ्रीझ करा, लागेल तेव्हा एक पिशवी बाहेर काढून ठेवली की साल नुसत्या बोटाने निघून येते.