सोया मेणबत्तीची वात: पहिल्या दिवशी निकाल लावू नका

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी ठाण्यातल्या आमच्या ओट्यापाशी उभी राहून चाळीस मेणबत्त्या ओतल्या आणि नातेवाइकांत वाटल्या. वात तपासली होती, नाही असं नाही. म्हणजे एक मेणबत्ती एक संध्याकाळ जाळून बघितली होती. तीन तासांत मेण काचेच्या कडेपर्यंत गोल वितळलं, मी खूश. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास वहिनीचा फोन आला, "ताई, ग्लास आतून काळा झालाय आणि हात लावला तर चटका बसतोय."

चूक वातीच्या नंबरात, म्हणजे जाडीत होती, आणि तो नंबर मी एका संध्याकाळीत ठरवला होता. भरलेल्या ग्लासात ज्योत जवळजवळ उघड्यावर असते. मेण निम्म्याखाली गेलं की काचेच्या भिंती उष्णता कोंडून धरतात आणि ज्योतीला हवाही नीट मिळत नाही. वर अगदी बरोब्बर वाटलेली वात खाली जाऊन डोईजड होते. म्हणून आता मी प्रत्येक वात शेवटच्या बोटभर मेणापर्यंत जाळते.

आई म्हणते, समईला एवढं कौतुक लागत नाही. खरंय, पण समईतलं तेल पातळच असतं. मेणबत्तीच्या ज्योतीला आपलं इंधन आधी वितळवावं लागतं, मग ते वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. सोया मेण म्हणजे हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं सोयाबीन तेल, वनस्पती तुपाचंच भावंड. ग्लासात ओतायचं मऊ सोया मेण साधारण ४५ ते ५० अंशांना वितळतं, पण वितळल्यावरही पॅराफिनपेक्षा दाटसर राहतं आणि वातीत सावकाश चढतं. म्हणून पॅराफिनच्या मेणबत्तीत छान चाललेली वात सोयात बहुतेकदा कमी पडते.

आधी ग्लास मोजा. बाहेरून नाही, आतून, आणि जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे. माझा ग्लास आतून साडेसात सेंटिमीटर, सरळ भिंतीचा. नऊ-दहा सेंटिमीटरच्या पुढे गेलात तर एका जाड वातीपेक्षा दोन बारीक वाती बऱ्या. कटिंग चहाच्या ग्लासात मेणबत्त्या करायची हौस असेल तर आवरा. ती काच या कामासाठी केलेली नसते आणि ग्लास खाली निमुळता होतो, म्हणजे सगळ्यात जास्त उष्णता सगळ्यात अरुंद जागी. करवंटीबद्दल तर बोलायलाच नको, ती स्वतःच पेटते.

आता वाती. त्या वेगवेगळ्या मालिकांत, म्हणजे प्रकारांत, मिळतात आणि एका मालिकेत नंबर वाढला की वात जाड. सोयासाठी मी सीडी नावाच्या मालिकेच्या वापरते. सुती, चपट्या विणीच्या आणि कागदी धागा घातलेल्या. इको मालिकाही चालते. चपट्या विणीचा फायदा असा की जळताना टोक एका बाजूला वाकतं, ज्योतीच्या गरम कडेत जातं आणि आपोआप जळून झडतं. एका मालिकेतला १२ आणि दुसरीतला १२ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे लक्षात ठेवा. बाजारात नुसत्या 'सहा इंची कॉटन वात' म्हणून जुड्या मिळतात. त्यावर ना मालिका ना नंबर, पुढच्या वेळी तीच वात मिळेल याचा भरवसा नाही. मी त्या घेत नाही. वातीत धातूची तार दिसली तर सूत सोलून तार पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर त्यात शिसं असू शकतं, सरळ कचऱ्यात टाका. अमेरिकेत शिशाच्या तारेच्या वातींवर २००३ पासून बंदी आहे.

विक्रेत्याच्या तक्त्यात तुमच्या मापासमोर जो नंबर असेल तो, त्याच्या खालचा आणि वरचा, असे तीन घ्या. पाच-पाच नग पुरेत. स्वस्त पडतं म्हणून शंभरचं पाकीट आणू नका. माझ्याकडे अजून एक पडून आहे.

माझे तीन होते सीडी १०, १२ आणि १४. तिन्ही ग्लास एकाच दिवशी, एकाच पातेल्यातून ओतले. मेण नेहमी पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वितळवा, थेट गॅसवर नाही. प्रत्येक ग्लासात १८० ग्रॅम मेण आणि मोगऱ्याचा सुगंध आठ टक्के, म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास. सुगंध न घालता चाचणी करू नका, कारण सुगंधी तेलाने जळणं बदलतं. वातीखालची पत्र्याची चकती ग्लासाच्या तळाला स्टिकरने बरोबर मध्यभागी चिकटवा आणि वर कपडे वाळत घालायच्या चिमट्यात वात धरून चिमटा काठावर आडवा ठेवा. वात कलली तर एकच बाजू तापते आणि सगळी चाचणी फुकट जाते. ग्लासवर कागदी चिकटपट्टी लावून नंबर लिहा, 'लक्षात राहील' म्हणू नका.

मग दोन आठवडे हात लावायचा नाही. सोया मेण वरून गोठलेलं दिसलं तरी आतून मुरत असतं. घाईने तिसऱ्या दिवशी पेटवलेली आणि पंधराव्या दिवशी पेटवलेली मेणबत्ती सारखी जळत नाही.

चाचणीच्या संध्याकाळी पंखा बंद. एप्रिलमध्ये ही शिक्षाच आहे, म्हणून मी हे काम थंडीत करते. पंख्याच्या वाऱ्यात ज्योत फडफडते आणि चांगल्या वातीलाही काजळी धरते. ग्लास फरशीच्या तुकड्यांवर, एकमेकांपासून वीतभर तरी लांब. वात पाच मिलिमीटरवर कापा, नखं कापायचा नेलकटर पुरतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन घ्या, पेटवा, वेळ लिहा. चार तासांनी विझवा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा वजन करा. दुसऱ्या दिवशी वात पुन्हा कापून हेच. चार तासांपेक्षा जास्त सलग जाळू नका, घराबाहेरही जाऊ नका. मेणाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, झाकणी ठेवायची. मी स्टीलची झाकणी शेजारीच ठेवते.

माझ्या वहीतला पहिल्या दिवसाचा हिशेब असा. १४ नंबरने अडीच तासांत कड गाठली. १२ ने चार तासांत चार-पाच मिलिमीटरचं कडं न वितळलेलं ठेवलं. १० ने तर सेंटिमीटरभर. तीन वर्षांपूर्वीची मी इथेच १४ वर शिक्का मारून मोकळी झाली असते, किंबहुना तेच केलं होतं.

पाचव्या दिवशी चित्र उलटलं. १४ ची ज्योत चार सेंटिमीटरच्या वर गेली, नाचायला लागली, टोकाला काजळीचं बोंड धरलं आणि काचेवर काळी सावली आली. काच बाहेरून ७० अंशांच्या पुढे. मी लांबून तापमान मोजणारी छोटी बंदूक वापरते आणि माझी मर्यादा ६० आहे. बंदूक नसेल तर ग्लासच्या वरच्या भागाला हात लावून बघा, हात झटकन मागे घ्यावा लागला तर ती वात बाद. १२ ने त्याच दिवशी कड गाठली आणि भिंतीवर राहिलेलं मेणही पुसून घेतलं. वितळलेलं मेण सेंटिमीटरभर खोल, ज्योत शांत. १० ने मधोमध विहीर पाडली आणि सहाव्या संध्याकाळी स्वतःच्याच मेणात बुडून विझली.

वजनाचा आकडाही तेच सांगत होता. दर तासाला १० ने साडेतीन ग्रॅम मेण खाल्लं, १२ ने पावणेपाच, १४ ने सव्वासहा. १२ नंबरची मेणबत्ती आठ संध्याकाळी पुरली. मेणबत्ती किती तास चालते असं कुणी विचारलं तर मी हाच हिशेब सांगते.

मग १२ नंबर कायमचा ठरला का? मोगऱ्यापुरता. त्याच ग्लासात, त्याच मेणात चंदनाचा जड सुगंध घातला तर १२ गुदमरली आणि १४ चालली, तीही शेवटपर्यंत. व्हॅनिलाची चाचणी अजून बाकी आहे. रंग घातला तर पुन्हा तपासा. मुलांचे मेणखडू किसून अजिबात घालू नका, त्यातली पूड विरघळत नाही आणि वातीत जाऊन बसते. मेणाची नवी गोणी दुसऱ्या कंपनीची आली तरी एक ग्लास पहिल्यापासून जाळते.

लाकडी वातीबद्दल हमखास विचारतात. तडतड आवाज छान येतो, पण माझ्याकडे ती दर दुसऱ्या संध्याकाळी विझत होती. तीन मिलिमीटरपर्यंत कापून थोडं सुधारलं, तरी मी नाद सोडला.

शेवटच्या दिवशी तळाशी साधारण १२ मिलिमीटर मेण उरलं की थांबा, त्याखाली तळच तापायला लागतो. ते उरलेलं मेण मी काढून कपाटात कपड्यांमध्ये ठेवते. सध्या आमच्या सगळ्या चादरींना मोगऱ्याचा वास येतोय.