बंद दुचाकीतून पेट्रोलचा वास येतोय? आधी हे तपासा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एप्रिल-मेच्या दुपारी पार्किंगमध्ये पाय ठेवला की पेट्रोलचा वास यायचाच आणि सगळे म्हणायचे, जुन्या गाड्या, येणारच. अहो का येणार? ती पेट्रोलची वाफ असते, त्यात बेंझीन असतं ज्याने कॅन्सर होऊ शकतो, शिवाय हवेपेक्षा जड म्हणून खालीच साचते, आणि आमची पोरं तिथंच खेळतात.

तर गाडी थंड झाल्यावर मोकळ्या हवेत काढा, सिगरेट वगैरे लांब. पहिलं टाकीचं झाकण. आतलं रबर कडक झालंय, चीर गेलीय? बदला, नाना पेठेत मिळून जाईल. मग पेट्रोलचा पाईप हलकेच वाकवून बघा, जुन्या गाडीचं रबर इथेनॉलवालं पेट्रोल लागून लवकर खराब होऊ शकतं. नवा टाकताना पेट्रोलसाठीचाच घ्या, पाण्याची नळी अजिबात नको. इंजेक्शनवाल्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या गाडीत पाईपला प्रेशर असतं, तिथं स्वतः हात घालू नका, मेकॅनिककडे द्या.

आता कॅनिस्टर, मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमापासून, म्हणजे २०१७ नंतरच्या दुचाकींमध्ये एक काळा प्लास्टिकचा डबा असतो, आत ॲक्टिव्हेटेड कोळसा. गाडी उभी असताना टाकीतली वाफ हा कोळसा धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की तीच वाफ ओढून जाळली जाते. कुणी म्हणालं काढून टाकू, काही कामाचा नाही, तर ऐकू नका. त्याच्या नळ्या निघाल्यात का, चेपल्यात का तेवढं बघा.

आणि हा डबा बिघडतो कशाने, तर आपल्याच हट्टाने! पंपावर नोझल आपोआप कट झाला तरी आपण म्हणतो राउंड फिगर करा, टाकी गळ्यापर्यंत भरते, उन्हात पेट्रोल फुगतं आणि वाफेऐवजी द्रव पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरतं. कोळसा भिजला की वाफ धरत नाही, गाडीही नीट स्टार्ट होत नाही. कट झाला की बस, जे बिल होईल तेवढे सुट्टे द्या.

कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर रात्री उभी करताना पेट्रोल कॉक बंद, ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडत असतील तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई झिजलेली असू शकते. छोट्या जनरेटरचंही तेच, महिनोन्महिने ठेवायचा असेल तर टाकी रिकामी करा आणि उरलेलं संपून बंद पडेपर्यंत बाहेर अंगणात चालवा, घरात किंवा जिन्याखाली नाही.